आधी वेळ सांभाळा, वेश नंतर

प्रश्न थोडक्यात असा: कराडजवळच्या गावातला २७ वर्षांचा तरुण. घरात आजोबांपासून वारी. स्वतः साखर कारखान्यात तीन पाळ्यांत काम करतो. मित्रांबरोबर नांदेडला गेला, तिथलं कीर्तन ऐकलं, लंगरमध्ये जेवला, आणि तेव्हापासून मन तिकडेच ओढ घेतंय. जवळ गुरुद्वारा नाही, पंजाबी येत नाही. हातात कडा आलाय, दाढी वाढवलीय, आई धास्तावलीय. शीख म्हणून जगायचं तर सुरुवात कुठून करू, पगडी कुठे शिकू, अमृत (शीख दीक्षा) कधी घेऊ आणि वडिलांना काय सांगू, असं विचारलंय.

मी सांगलीचा, मराठी घरातलाच. कुपवाडच्या एमआयडीसीत लेथ मशीनवर २८ वर्षं काढली. या वाटेवर येऊन २२ वर्षं झाली, त्यातली शेवटची १६ अमृतधारी, म्हणजे दीक्षा घेतलेला, म्हणून. मी ग्यानी (धर्माचा पंडित) नाही, ग्रंथीही (गुरुद्वारात ग्रंथ वाचणारा) नाही. मराठी माणसाला या रस्त्यावर ठेच कुठे लागते एवढं मात्र सांगू शकतो, कारण बहुतेक ठेचा मी स्वतः खाल्ल्यात.

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. कडा आहे, दाढी आहे, पगडी आहे, अमृत आहे. रोज काय वाचता, किती वाजता वाचता, हे कुठेच नाही. नाराज होऊ नका, माझंही अगदी तसंच झालं होतं. पहिल्या महिन्यात मी नांदेडहून चांगला जाडजूड, हातात खुळखुळणारा कडा आणला आणि तो घालून लेथवर उभा राहिलो. तिसऱ्या दिवशी फिरत्या चकच्या जबड्यात तो अडकता अडकता राहिला. मनगटावरची खूण अजून आहे. शेजारच्या शेडमध्ये एक वयस्कर सरदारजी फिटर होते, त्यांनी पट्टी बांधली. बांधताना एवढंच विचारलं, "आज पाठ केलास का?" मी म्हटलं, कसला पाठ? ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी एक छोटा गुटका, म्हणजे रोजच्या पाठाची पुस्तिका, आणून हातात ठेवला. माझी खरी सुरुवात तिथून झाली. (कडा मशीनवर घालायचाच असेल तर मनगटाला घट्ट बसणारा घ्या आणि वर बाही बांधा. कारखान्यात तुम्हालाही हे लागू आहे.)

म्हणून पहिलं वर्ष वेळेला द्या. वेश त्याच्या मागून येईल.

आता नेमकं काय करायचं. पुस्तकं आणि व्हिडिओ सांगतात की पहाटे पाच बाण्या (पाठातल्या रचना), संध्याकाळी रहिरास, रात्री सोहिला. ते बरोबरच आहे, पण ते रुळलेल्या माणसाचं नित्यनेम आहे. नवखा माणूस पहिल्या आठवड्यात सगळं धरतो आणि पाचव्या आठवड्यात सगळं सोडतो. तुम्ही रात्रीपासून सुरू करा. कीर्तन सोहिला ही झोपण्याआधीची बाणी, फक्त पाच शबद (पदं): तीन गुरु नानकांचे, एक गुरु रामदासांचा, एक गुरु अर्जनांचा. सावकाश वाचली तरी सात-आठ मिनिटं लागतात. त्यातला तिसरा शबद म्हणजे गुरु नानकांची आरती. गगनाचं ताट, त्यात सूर्य-चंद्राचे दिवे, तारे म्हणजे मोती, मलयगिरीचा वारा म्हणजे धूप. ज्या घरात रोज निरांजन ओवाळलं जातं तिथल्या माणसाला हा शबद समजावून सांगावा लागत नाही. मी तो पहिल्यांदा अर्थासकट वाचला तेव्हा पुढची दोन पानं वाचलीच नाहीत, तसाच बसून राहिलो.

रात्रीचं महिनाभर टिकलं की सकाळ धरा. मूलमंत्र, आणि जपजी साहिब या सकाळच्या बाणीची पहिली पौडी (कडवं). जपजीत ३८ पौड्या आहेत, सुरुवातीला आणि शेवटी एकेक श्लोक. आठवड्याला एक पौडी घ्या. सात दिवस तीच वाचायची, अर्थ बघायचा, सुटीच्या दिवशी न बघता म्हणून पाहायची. नऊ महिन्यांत जपजी तोंडपाठ होते. ज्याच्या घरात हरिपाठ पाठ आहे त्याला हे अजिबात जड नाही. तुमच्या आजोबांनी हरिपाठ पाठ केला तो असाच केला असणार, रोज थोडा आणि रोज तोच.

अमृतवेळेची एक अडचण तुम्हाला हमखास येणार. पहाटेची ती वेळ, सूर्योदयाच्या खूप आधीची, गुरूंनी सांगितलेली. पण गळीत हंगामात रात्रपाळी असेल तर तुम्ही त्या वेळी ज्यूस हीटरजवळ उभे असणार. मला विचाराल तर पाळी बदलली म्हणून पाठ मोडू देऊ नका. झोपून उठलात, अंघोळ केलीत, ती तुमची अमृतवेळ. पहिली पाळी असेल त्या आठवड्यात खरी पहाट गाठा. आपल्याकडे कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत गावोगाव काकडा चालतो, तेव्हा पहाटेच उठून बसायची सवय आपल्या हाडात आहे. गुरु नानकांचं प्रकाशपर्व (जयंती) त्याच कार्तिकी पौर्णिमेला येतं. वडील कार्तिकी एकादशी करून पंढरपूरहून परत येतात, त्यानंतर जेमतेम तीन-चार दिवसांनी.

भाषेबद्दल. घाबरायचं कारण नाही, पण एक सापळा आहे. देवनागरीत छापलेले गुटके मिळतात, सुंदर गुटका नावाच्या अ‍ॅपमध्येही देवनागरी लिपी निवडता येते. मराठी माणूस ते हातात घेतो आणि जसं लिहिलंय तसं वाचतो: "सति नामु", "गुर प्रसादि". शेवटची ती ऱ्हस्व इकार-उकाराची चिन्हं व्याकरणासाठी आहेत, बहुतेक ठिकाणी उच्चारात येत नाहीत. म्हणायचं "सत नाम", "गुर प्रसाद". मी वर्षभर चुकीचं पाठ केलं आणि नंतर ते विसरायला दोन वर्षं लागली. म्हणून पहिला महिना कुणाच्या तरी आवाजाबरोबर वाचा. डोळे गुटक्यावर, कान पाठावर.

गुरुमुखी शिकाच. मूळ ३५ अक्षरं आहेत, देवनागरी येणाऱ्याला रोज अर्ध्या तासात दोन-तीन आठवडे पुरतात. ट, ठ, ग आपल्यासारखेच दिसतात. फसवणारी अक्षरं वेगळी: तिथला "स" आपल्या "म"सारखा दिसतो आणि तिथला "ध" आपल्या "प"सारखा. पहिल्या आठवड्यात मी "सत" हा शब्द "मत" असा वाचला होता.

आता मला सगळ्यात जवळची गोष्ट. तुम्ही लिहिलंय की वारकरी घर सोडून परक्याकडे चाललोय असं आईला वाटतंय. आईला सांगा, नामदेव तिथे आधीच जाऊन बसलेत. गुरु ग्रंथ साहिबच्या १४३० पानांत, त्यांना अंग म्हणतात, भगत नामदेवांचे ६१ शबद आहेत. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातलं घुमान हे गाव त्यांच्या नावाने ओळखलं जातं. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे भरलं होतं. ही माहिती भाषणात वापरून गुळगुळीत झालीय, म्हणून मी तुम्हाला एक शबद देतो. ४८५व्या अंगावर, आसा रागात. सुरुवात अशी: "आनीले कुंभ भराईले ऊदक". वाचून बघा, यात पंजाबी किती आणि आपलं किती. नामदेव म्हणतात, देवाला स्नान घालावं म्हणून घागर भरून आणली, तर पाण्यात ४२ लाख जीव आधीच आहेत. "बीठलु भैला काइ करउ", तिथेच विठ्ठल आहे, मग मी काय करू? फुलांची माळ गुंफावी, तर भुंग्याने आधीच वास घेतलाय. दुधाची खीर करावी, तर वासराने आधी तोंड लावलंय. आणि शेवटी: "ईभै बीठलु ऊभै बीठलु बीठल बिनु संसारु नही". इथे विठ्ठल, तिथे विठ्ठल, त्याच्यावाचून जगच नाही. हा शबद आईसमोर मोठ्याने वाचा. समजावायच्या भानगडीत पडू नका, नुसता वाचा.

पण याच ठिकाणी एक इशाराही देतो, कारण आपले लोक इथे फार सोपं करून टाकतात. "म्हणजे शीख म्हणजे पगडीतले वारकरीच की!" नाही. वारकऱ्याला विटेवरचं ते सावळं रूप डोळे भरून पाहायचं असतं. ग्रंथ साहिबमध्ये आलेला "बीठल" शीख परंपरा निराकाराचं नाव म्हणून वाचते. तिथे मूर्ती नाही, अवतार नाही, व्रत-उपास नाही. आणि गुरू म्हणून ग्रंथासमोरच माथा टेकायचा, जिवंत माणसासमोर नाही. हा फरक पुसून तुम्ही आत गेलात तर दोन वर्षांनी तुमची तुम्हालाच फसवणूक वाटेल. दोन्हीकडे नाम आहे हे खरं, दोन्हीकडचा संसाराबद्दलचा सूरही जवळचा आहे, पण वाटा वेगळ्या आहेत आणि तुम्ही एक निवडताय. निवडताना डोळे उघडे असावेत.

संसाराचं निघालं म्हणून सांगतो. तुम्ही सातारा जिल्ह्यातले, सज्जनगडावर गेला असाल. शीख परंपरेत एक साखी (गुरूंची आख्यायिका) सांगतात: समर्थ रामदास आणि सहावे गुरु हरगोबिंद यांची गढवालमधल्या श्रीनगरला भेट झाली. समर्थांनी विचारलं की तुम्ही नानकांच्या गादीवर, ते तर त्यागी. तुम्ही शस्त्रं लावता, घोड्यावर बसता, लोक पातशाह म्हणतात, हा साधू कसला? गुरूंनी सांगितलं की नानकांनी संसार टाकला नव्हता, माया टाकली होती. आत फकिरी आहे, बाहेर अमिरी आहे, आणि शस्त्र गरिबाच्या रक्षणासाठी आहे. समर्थ म्हणाले, हे आम्हाला पटतं. साखी म्हणजे इतिहासाचा कागद नव्हे, पण कंगव्यापासून कृपाणापर्यंत सगळं कशासाठी, हे नवख्याला यातून चटकन कळतं.

आणि याचीच दुसरी बाजू नामदेवांकडे आहे. कबीरांच्या श्लोकांत त्रिलोचन आणि नामदेव यांचं बोलणं येतं. त्रिलोचन मित्राला टोमणा मारतो, कापडं छापत काय बसलास, चित्त रामाकडे लाव. नामदेव उत्तर देतात: "हाथ पाउ करि कामु सभु चीतु निरंजन नालि". हातपायांनी सगळं काम कर, चित्त त्या निरंजनापाशी ठेव. किरत करणं, नाम जपणं, वाटून खाणं, ही शिखांची तीन कामं म्हणून सांगतात, त्यातली पहिली दोन या एका ओळीत आली. लेथवर मी हे कसं केलं? जॉब लावून फीड चालू केली की एक-दोन मिनिटं मिळतात, डोळे कटिंगवर ठेवायचे आणि श्वासाबरोबर "वाहेगुरू". जमायला फार वेळ लागला आणि आजही रोज जमत नाही. पण काम खराब करून जप केलेला चालत नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. तुमच्या कारखान्यात रसाचा ब्रिक्स (गोडीचं माप) चुकीचा नोंदवून सिमरन (नामस्मरण) केलंत तर ते सिमरन नाही.

संगतीबद्दल मी गोड बोलणार नाही. सातारा-सांगली पट्ट्यात ही खरी अडचण आहे. इथे शीख घरं थोडी, आणि घरात बसून एकट्याने शीख होता येत नाही. गुरुद्वारा म्हणजे देवदर्शनाची जागा नव्हे, संगतीत बसायची जागा आहे. हायवेवरच्या ट्रान्सपोर्टवाल्या, स्पेअर पार्टवाल्या सरदारजींना जाऊन सरळ विचारा, तुम्ही पाठ कुठे करता, गुरपुरबला (गुरूंच्या उत्सवाला) कुठे जमता. लाजू नका. मला आजवर कुणी हाकललेलं नाही. चहा मात्र प्रत्येकाने पाजला. महिन्यातून एक रविवार पुण्याला काढा. कॅम्पातला गुरु नानक दरबार, ज्याला लोक हॉलिवूड गुरुद्वारा म्हणतात, तिथे भरपूर संगत असते आणि कराडहून पहाटेची गाडी धरली तर दुपारच्या लंगरपर्यंत सहज पोचता.

तिथे पहिल्यांदा गेल्यावर काय करायचं ते थोडं. डोकं झाकून, चपला काढून, हातपाय धुऊन जायचं. घंटा शोधू नका, नाही. माथा टेकून बाजूला खाली बसा, पाय ग्रंथ साहिबकडे करू नका. कडाह प्रशाद येतो तेव्हा आपल्या सवयीप्रमाणे एक उजवा तळवा पुढे करू नका. बसून, दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायचा. कणीक, साखर आणि तूप समान वजनाचं, त्यामुळे हाताला तूप लागतं. ते पॅंटला पुसलेलं पाहिलंय मी, माझ्याकडून झालं होतं. लंगरमध्ये पंगतीत बसा. रोटीही दोन्ही हात पुढे करून घ्यायची, तिला परशादा म्हणतात. हवं तेवढंच घ्या, टाकू नका. जेवून लगेच निघू नका. भांडी घासायच्या नळावर जा आणि नुसतं उभं राहा, पाच मिनिटांत कुणीतरी ताटं तुमच्याकडे सरकवेल. जोडा घरात चपला सांभाळायला मिळाल्या तर अजून चांगलं. ओळखी सत्संगात होत नाहीत, भांड्यांवर होतात.

एक गोष्ट मात्र आपल्या भागासाठी ठळक सांगतो. तंबाखू. खिशात पुडी घेऊन गुरुद्वारात पाऊल टाकू नका. गायछाप, गुटखा, सिगारेट, काहीही नाही. आणि बायका सोबत असतील तर मशेरीसुद्धा, तीही तंबाखूच आहे. आपल्याकडे मशेरीला कुणी व्यसन मानत नाही, म्हणून सांगावं लागतं. माझ्या चुलतीच्या पिशवीत डबी होती, दारातच लक्षात आलं, ती गाडीत ठेवून आली आणि दिवसभर डोकं दुखतंय म्हणून कुरकुरत बसली. तुम्ही स्वतः खात असाल तर पगडीचा विचार नंतर, आधी ती सोडा. केस कापणं, कुठ्ठा मांस, परस्त्री-परपुरुषसंग आणि तंबाखू, या अमृतधाऱ्याला मना असलेल्या चार बज्जर कुरहिती (मोठे दोष), त्यांतली एखादी घडली तर अमृत मोडतं. दारूसह इतर नशाही रहित मर्यादेत (शिखांच्या आचारसंहितेत) मना आहे.

मांसाचं विचारलं नाहीत, पण विचारणारच. लंगर शाकाहारीच असतो. बाहेर काय खावं यावर शिखांमध्ये मतं वेगवेगळी आहेत आणि त्या वादात नवख्याने पडू नये. कुठ्ठा म्हणजे हलाल पद्धतीचं, ते अमृतधाऱ्याला चालत नाही. आता आपल्या गावात जत्रेचा बकरासुद्धा मुलाण्याच्या हातून कापला जातो, पिढ्यान्‌पिढ्या. त्यात कुणाचा दोष नाही, ती गावाची रीत. मी सरळ मांसच सोडलं, कारण जत्रेत प्रत्येक ताटाची चौकशी करत बसणं मला जमलं नसतं.

केसांचं सांगताना मला जरा थांबावं लागतं. तुम्ही दाढी वाढवलीत, ठीक. पण केश ठेवणं म्हणजे न्हाव्याकडे न जाणं एवढंच नाही. आपल्या घरांत त्याची परीक्षा एका विशिष्ट दिवशी होते. माझे वडील गेले तेव्हा केश ठेवून मला चार वर्षं झाली होती. मी थोरला. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर न्हावी समोर बसलेला, भावकी गोळा झालेली, आणि मी म्हटलं, मी मुंडण करणार नाही. काका म्हणाले, बापासाठी चार केस देववत नाहीत? त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. धाकट्या भावाने पुढे होऊन मुंडण केलं. मी तिथेच मागे बसून मनातल्या मनात सोहिला म्हटला. ते काका त्यानंतर दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. हे भीती घालायला सांगत नाही. पण हा दिवस येणार हे माहीत असून, वडील हयात असतानाच त्यांच्याशी बोलून केश ठेवा. मी बोललो नव्हतो. ती माझी चूक, परंपरेची नाही.

तोवर पगडी शिकायला हरकत नाही. साधा पटका किंवा छोटा परना (डोक्याला गुंडाळायचं लहान कापड) बांधून सुरुवात करा. पूर्ण दस्तारीला (पगडीला) साधारण पाच-सहा मीटर कापड लागतं, फुल वॉइल किंवा रुबिया. बांधण्याआधी कापडाची लांब घडी घालतात, तिला पूणी म्हणतात, आणि त्याला दुसरं माणूस लागतं. माझ्याकडे ते काम बायको करते, तीही कुरकुर करत. आपला फेटा सत्काराला बांधतात, कार्यक्रम संपला की काढून ठेवतात. दस्तार रोज सोडायची आणि रोज नव्याने बांधायची. टोपीसारखी काढ-घाल नाही. आणि हो, मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये पगडी बांधलेल्या शिखाला हेल्मेटमधून सूट आहे; पटका बांधून चार दिवस झाले नाहीत तोच पोलिसाला ते कलम ऐकवणारा एक मुलगा माझ्या ओळखीचा आहे. तसं करू नका.

घरात काय करावं? आईच्या देवघराला हात लावू नका. तुमच्यासाठी मूर्तिपूजा नसेल, तिच्यासाठी आहे. माझ्या घरी गणपती बसतो, भाऊ बसवतो. मी पूजेला बसत नाही, आरतीला कोपऱ्यात उभा राहतो, मोदक खातो. सुरुवातीला मी आरतीच्या वेळी बाहेर जाऊन उभा राहायचो, त्याने फक्त आई रडली. गुटका स्वच्छ रुमालात गुंडाळून उंचावर ठेवा, डोकं झाकून, हात धुऊनच उघडा. ग्रंथ साहिबचं बीड (पूर्ण प्रत) घरी आणायचा मोह होईल, आणू नका. त्याला वेगळी खोली लागते, रोज सकाळी प्रकाश (विधीने उघडणं), रोज रात्री सुखासन (मिटून ठेवणं). तीन पाळ्यांच्या नोकरीत ते निभणार नाही. त्याऐवजी दरबार साहिबचा (अमृतसरच्या सुवर्णमंदिराचा) रोजचा हुकमनामा मोबाइलवर वाचा, एक शबद, अर्थासह.

नांदेडबद्दल एक खुलासा, कारण तुमची सुरुवातच तिथून झालीय. १७०८ साली गुरु गोबिंदसिंघांनी ग्रंथाला गुरूपद दिलं ते तिथे, आणि त्यांचा देह ठेवला तोही तिथेच. पण हजूर साहिबची (नांदेडच्या त्या गुरुद्वाराची) मर्यादा, म्हणजे रीत, जुनी आणि थोडी निराळी आहे. तिथे दशम ग्रंथाचाही (गुरु गोबिंदसिंघांच्या नावाने असलेल्या ग्रंथाचाही) प्रकाश असतो, संध्याकाळी दिव्यांची आरती होते, शस्त्रांचा मान असतो. पुण्याच्या किंवा अमृतसरच्या गुरुद्वारात हे सगळं असं दिसणार नाही. तेव्हा "इथलं खोटं की तिथलं" असं इंटरनेटवर भांडायला जाऊ नका. तिथले निहंग (शस्त्रधारी शीख पंथातले लोक) ऐका, मजा येते: भाजलेल्या हरभऱ्यांना ते बदाम म्हणतात आणि एकटा सिंघ आला तर सवा लाख आले म्हणतात. उपासमारीत, वेढ्यात काढलेल्या दिवसांची ती भाषा आहे.

अमृताची घाई नको. १६९९च्या वैशाखीला आनंदपुरात ज्या पाच जणांनी शीस दिलं त्यांतला एक, साहिब चंद, बिदरचा होता, आपल्या शेजारचाच. आणि त्याला कुणी जात विचारली नव्हती. आजही अमृत पाच प्यारे (त्या पाचांच्या जागी बसणारे पाच अमृतधारी) देतात, लोखंडी बाट्यात पाणी-पतासे, खंडा फिरवत पाच बाण्यांचा पाठ होतो. त्याला फी नाही, दलाल नाही, ऑनलाइन तर नाहीच. घेतल्यावर पाच ककार (केश, कंगवा, कडा, कच्छा, कृपाण), रोजचं नित्यनेम आणि त्या चार गोष्टींचं बंधन आयुष्यभर. मी सहा वर्षं थांबलो. तुम्ही निदान इतकं थांबा की जपजी पाठ झालीय, तंबाखू-दारू सुटलीय, वर्षभर एकही रात्र सोहिला चुकलेला नाही. त्याआधी कुणी कागदावर धर्म बदलायला, नाव बदलायला घाई करत असेल तर त्याला नम्रपणे नाही म्हणा.

राहिले वडील. त्यांना बसवून समजावू नका, नांदेडला घेऊन जा. एसटीने किंवा कुणाच्या गाडीने, पण पंढरपूरवरून. आधी त्यांच्याबरोबर विठोबाचं दर्शन घ्या, त्यांना हवं तेवढा वेळ तिथे थांबू द्या. पुढे बार्शी लागेल. त्रिलोचन आणि परमानंद, ग्रंथ साहिबमधले दोन भगत, परंपरेने त्याच गावाशी जोडलेले. तिथे चहाला थांबा आणि त्यांना एवढं सांगा. मग लातूरवरून नांदेड. संध्याकाळचं कीर्तन, रात्री लंगर. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ असेल, तर असू दे, तिथे कुणी काही म्हणणार नाही. पानाचा डबा मात्र गाडीतच ठेवायला सांगा.